मिलिग्रामचा ग्रीन टी

आमच्या कंपनीत वजनकाटे दुरुस्त होतात, तपासले जातात, आणि बरोबर असले तर त्यांना सील लावून प्रमाणपत्र दिलं जातं. प्रमाणपत्र टाइप करतो मी, काटा तपासतो मिलिग्राम. हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही. एकशे एक किलोच्या माणसाला हे नाव निम्मं चेष्टेने पडलं आणि निम्मं मानाने. देह दारात मावत नाही, पण बोटं अशी की सोनाराच्या काट्याचं तांदळाएवढं वजन चिमट्यात धरून तो उचलतो तेव्हा बघणारा श्वास रोखतो आणि हा मात्र शेजारच्याशी गप्पा मारत असतो.

त्याचं बोलणंही तसंच. "पाच मिनिटांत येतो" हे वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "सात मिनिटं लागतील" म्हणतो आणि सातव्या मिनिटाला दारात उभा असतो. तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली ना, असं कुणी म्हटलं की, "एकोणतीस वर्षं आणि चार महिने," ही दुरुस्ती ठरलेली. वहिनी त्यावर म्हणतात, "मला तर पन्नास वाटतात. पण यांचा काटा तपासलेला आहे, तेव्हा यांचंच खरं."

वहिनी शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, भिंतीला आरसा, आणि त्यांच्या गळ्यात सकाळपासून रात्रीपर्यंत मापाची टेप. नवरा वजन करतो, बायको माप घेते, त्यामुळे त्या घरात अंदाज नावाची गोष्ट टिकत नाही.

मिलिग्रामचा एक नियम होता आणि तो सगळ्या बाजारपेठेला पाठ होता. काटा तपासण्याआधी तो कुणाकडे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. काटा पास झाला की चहा घ्यायचा, आणि सोबत बिस्किटं येतील तीही. काटा नापास झाला तर दुकानदाराने हात धरून बसवलं तरी चहा न घेता निघायचा. "ज्याला नापास केलं त्याचा चहा घशाखाली उतरत नाही," म्हणायचा. परिणाम असा झाला की माझ्या प्रमाणपत्राची कुणी वाट बघेना. कपाला हात लागला म्हणजे काटा पास, एवढं लोकांना पुरायचं. दिवसाला आठ-नऊ दुकानं किंवा कारखाने व्हायचे, आणि आमच्याकडचे बहुतेक लोक प्रामाणिक आहेत.

गोष्ट सुरू झाली ती धान्याच्या गिरणीत. गावाबाहेर ही मोठी गिरणी आहे. तिच्या मनोऱ्याच्या माथ्यावर एक टांगती टाकी आहे. धान्य त्या टाकीत पडतं, तिथेच त्याचं वजन होतं आणि मग ते खाली सुटतं. या टाकीचा काटा वर्षातून एकदा तपासावा लागतो, आणि वर जायला एकच रस्ता आहे: एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. अठरा वर्षं मिलिग्राम ती चढत होता. मी त्याला एकदा विचारलं होतं की वर एवढं काय आहे. तो म्हणाला, "खाली काट्यापेक्षा मालकाच्या चेहऱ्याकडे जास्त बघावं लागतं. वर फक्त काटा असतो. काम झालं की कठड्याशी बसून डबा खातो. मी डबा खाल्ला की नाही, यावरून कुणी पास-नापास ठरवत नाही." हे सांगताना तो जरा लाजला होता, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

यंदा गिरणीत नवीन सुरक्षा अधिकारी आल्या. वयाने आमच्या मुलींएवढ्या, पण हेल्मेटचा पट्टा सैल असला तर त्यांना फाटकातूनच दिसायचा. तपासणीला तीन महिने होते. तयारीची बोलणी करायला मिलिग्राम आणि मी गेलो होतो. बाईंनी शिडीला जोडलेल्या सुरक्षा साखळीवरची पट्टी आम्हाला वाचून दाखवली. जास्तीत जास्त भार शंभर किलो.

"तुमचं वजन?" त्यांनी विचारलं.

"एकशे एक किलो दोनशे ग्रॅम. कामाच्या कपड्यांत, बूट आणि हेल्मेटसकट."

"हत्यारांची पिशवी धरून?"

"पिशवी आठ किलो. ती वेगळी."

"पिशवी दोरीने वर ओढायला बंदी आहे, अंगावरच न्यावी लागेल. मग गेली अठरा वर्षं तुम्ही चढत कसे होता?"

"हातापायांनी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं: ब्याण्णव किलो, नाहीतर दुसरा माणूस.

आमच्या मालकीणबाईंनी त्याच दिवशी निकाल लावला. "तीन महिने आहेत. ब्याण्णव झालं तर उत्तम. नाही झालं तर वरच्या कामाला काडी जाईल आणि तुम्ही काउंटरवर बसा. वय झालंय, तेवढाच आराम."

काउंटर म्हणजे आमच्या दुकानाचा पुढचा भाग. लोक स्वयंपाकघरातले छोटे काटे घेऊन येतात, आणि दहातल्या सात काट्यांची फक्त बॅटरी संपलेली असते. तिथे बसायचं म्हटल्यावर मिलिग्रामचा चेहरा पडला. पण त्याच्याहून जास्त पडला काडीचा. काडी हा आमचा दुसरा तंत्रज्ञ. वय बेचाळीस, वजन अठ्ठावन्न, कामाला चोख. मात्र स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही याला भिंत धरावी लागते. मालकीणबाई आत गेल्याबरोबर तो मिलिग्रामजवळ आला.

"दादा, आजपासून तुमचं जेवण मी बघणार."

"तुला काय पडलंय?"

"मला दोन मुलं आहेत," काडी म्हणाला.

ग्रीन टी घरात आणला वहिनींनी. त्यांची एक गिऱ्हाईक पाच ड्रेस बारीक करून घ्यायला आली होती, प्रत्येक कमरेत चार इंच. वहिनींनी टेप लावली, पुन्हा लावली, आणि मग विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, काही नाही, दिवसाला चार वेळा ग्रीन टी. संध्याकाळी घरात हिरवा खोका हजर.

पहिल्या सकाळचं वर्णन वहिनींनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी तिथे होतो असंच मला वाटतं. मिलिग्रामने खोक्यातली एक पुडी काढून आपल्या छोट्या काट्यावर ठेवली.

"पाकिटावर दोन ग्रॅम लिहिलंय. एक पॉइंट आठ पाच भरतंय."

"असू दे."

"दोरीसकट."

"अहो, पिणार आहात की खटला भरणार आहात?"

मग पाण्याचं तापमान. खोक्यावर ऐंशी अंश लिहिलं होतं म्हणून कार्यशाळेतला थर्मामीटर आला. ऐंशी झाल्यावर पुडी आत, घड्याळ लावून तीन मिनिटं, पुडी बाहेर. मिलिग्रामने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कसा आहे?"

"गवत कापायचं मशीन धुतलेलं पाणी."

"सवय होईल."

"साखर घातली तर?"

"टेपने मारीन," वहिनी म्हणाल्या.

खरा घोळ झाला तो बाजारात. मिलिग्राम फ्लास्कमध्ये ग्रीन टी भरून निघाला. पहिलं काम बेकरीत होतं. बेकरीवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. काटा तपासून झाला, एकदम बरोबर. नेहमीप्रमाणे चहा आला, वाफ येणारा, दाट, बशीत चार बिस्किटं. मिलिग्राम म्हणाला, "आज नको."

बेकरीवाल्याचा हात हवेतच राहिला. "नको म्हणजे?"

"चहा नको."

"काय निघालं काट्यात?"

"काही नाही. बरोबर आहे."

"बरोबर आहे आणि चहा नको?" बेकरीवाल्याने दुकानाचा दरवाजा लोटून घेतला. "हे बघा, आपली वीस वर्षांची ओळख आहे. माझ्या मेहुण्याने गेल्या आठवड्यात काट्याच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला होता. टेबल हलत होतं म्हणून. मी त्याच दिवशी काढला. त्याची शपथ घेऊन सांगतो."

"पुठ्ठ्याचं मला माहीतच नव्हतं."

"आता माहीत झालं ना. घ्या चहा."

मिलिग्रामने घेतला नाही. दुपारपर्यंत बाजारभर झालं की काटेवाला चहा नाकारत फिरतोय, म्हणजे वरून कुणीतरी कडक हुकूम काढलाय. खिळे-स्क्रू विकणाऱ्याने न विचारता सांगितलं की त्याचं अर्ध्या किलोचं वजन एकदा नाल्यात पडलं होतं. भाजीवाल्या बाईंनी जुना काटा स्वतः होऊन माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "हा वापरतच नाही मी, पण घरात तरी कशाला." रद्दीवाला तर दोन दिवस दुकान बंद ठेवून गावाला गेला. माझ्या फोनला उसंत नव्हती. प्रत्येकाला मी सांगत होतो की प्रमाणपत्र तयार आहे, काळजी करू नका, आणि प्रत्येक जण विचारत होता, "ते ठीक आहे, पण चहा का नाही घेतला?"

मालकीणबाईंनी मिलिग्रामला बोलावलं. "लोकांना घाबरवू नका."

"मी काय करू? घेतला तर वजन वाढतं."

"मग तुमचाच चहा त्यांना द्या."

बाई वैतागून बोलल्या होत्या, पण मिलिग्रामने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून काटा पास झाला की तो फ्लास्क उघडायचा, झाकणात थोडा ग्रीन टी ओतून दुकानदारासमोर धरायचा आणि उरलेला स्वतः प्यायचा. दोघांनी मिळून घेतला म्हणजे काटा पास. आठवड्याभरात बाजार शांत झाला. लोक तो कडू घोट औषधासारखा एका दमात गिळायचे आणि समाधानाने तोंड पुसायचे. बेकरीवाल्याने फक्त एकदा हळूच विचारलं, "नापास झालेल्यांना हा प्यावा लागत नाही ना?"

काडी सावलीसारखा मागे. मिलिग्रामसमोर बिस्किटांची बशी आली की तो ती ओढून घ्यायचा. परत पाठवली तर दुकानदाराला वाईट वाटेल, म्हणून स्वतः संपवायचा. "तुमच्यासाठी करतोय दादा," एवढं तोंडातल्या बिस्किटासकट सांगायचा.

सहा आठवड्यांत मिलिग्राम साडेशहाण्णववर आला. चार किलो सातशे ग्रॅम उतरले. वहिनींनी त्याच्या दोन पँट कमरेत घेतल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवल्या. आमच्या कार्यालयातही हिरवा खोका आला. मालकीणबाईंनी सुरू केला, मग मी. माझं काही उतरलं नाही, पण मी दुपारचा नेहमीचा चहाही सोडला नव्हता.

इथून पुढचं काम सोपं गेलं असतं. पण औषधांच्या दुकानाचा काटा तपासायला गेला असताना दुकानदाराने मिलिग्रामला सहज विचारलं, "हे सगळं ग्रीन टीनेच उतरलं का?"

"दुसरं काय केलं मी?"

"ते मला काय माहीत. तुम्हीच मोजता."

एवढं पुरे झालं. संध्याकाळी मिलिग्राम माझ्या टेबलाशी येऊन बसला. ते वाक्य त्याच्या मनात रुतलं होतं. आकडा बदलला आणि कशाने बदलला ते सांगता येत नाही, ही त्याच्या धंद्यात लाजेची गोष्ट. त्याने ठरवलं की दोन आठवडे ग्रीन टी बंद. फ्लास्कमध्ये नुसतं गरम पाणी. बाकी सगळं जसंच्या तसं. मग बघायचं.

काडी ऐकत होता. त्याने खुर्चीच धरली.

"दादा, उतरतंय ना? मग कशाला हात लावता? चालतं मशीन कुणी उघडतं का?"

"मी उघडतो. आयुष्यभर तेच केलंय."

"आणि वाढलं म्हणजे? फक्त सात आठवडे राहिलेत."

"वाढलं तर ग्रीन टीने उतरत होतं हे सिद्ध होईल."

"आणि मी मनोऱ्यावर लटकलो की गुरुत्वाकर्षण सिद्ध होईल," काडी म्हणाला.

दोन आठवडे दुकानदारांना झाकणातून गरम पाणी मिळालं. त्यांनी तेही विनातक्रार घेतलं. एकदोघांनी तर सांगितलं की आजचा जरा सौम्य लागला. दोन आठवड्यांनी मिलिग्रामने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. त्याआधीच्या, ग्रीन टीच्या दोन आठवड्यांत उतरले होते एक किलो पाचशे ग्रॅम. नुसत्या गरम पाण्याच्या दोन आठवड्यांत एक किलो चारशे पन्नास.

"पन्नास ग्रॅमचा फरक," मी म्हटलं.

"माझ्या काट्यावरचा सर्वांत छोटा भागच पन्नास ग्रॅमचा आहे. तो फरक नाही." त्याने वही मिटली. "काय बदललं ते आता दिसतंय. नऊ कप. प्रत्येकात दोन चमचे साखर. बशीत चार बिस्किटं. हे रोज पोटात जात होतं, ते थांबलं. प्यायलो त्याने नाही उतरलं. प्यायलो नाही त्याने उतरलं."

काडीने इकडेतिकडे बघितलं. "वहिनींना सांगू नका. त्यांनी आतापर्यंत तीस-पस्तीस बायकांना ग्रीन टी लावलाय."

पण मिलिग्रामला आकडा लपवता येत नाही. रविवार होता, मी एक शर्ट लहान करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. त्याने वही वहिनींसमोर उघडी ठेवली आणि फार जपून, आजारी माणसाला सांगावं तसं सांगितलं. वहिनी मशीनवरून उठल्या नाहीत. दोऱ्याचं टोक दाताने तोडत म्हणाल्या, "मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

"कसं?"

"तुमच्या शर्टाच्या खिशात बिस्किटांचा चुरा असायचा. इतकी वर्षं झटकतेय. तो बंद झाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"साखर सोडा, बिस्किटं सोडा, हे मी किती वर्षं सांगतेय?"

मिलिग्रामने विचार केला. "अकरा."

"सोडलीत?"

त्याने वही मिटून घेतली.

"खोक्यात घालून आणलं, वर ऐंशी अंश लिहिलेलं होतं, तेव्हा ऐकलंत. हात वर करा भाऊजी, बाही बघू दे." शेवटचं माझ्यासाठी होतं.

ग्रीन टी त्याने पुन्हा सुरू केला. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाला, समोरचा माणूस कप पुढे करतो तेव्हा आपल्या हातात काहीतरी असलं की नाही म्हणणं सोपं जातं. शिवाय आता चवीला गवत कमी लागतं. पुढचे आठवडे मात्र जड गेले. आधी भराभर उतरत होतं, आता आकडा अडत अडत उतरायचा. दोन दिवसांत तीनशे ग्रॅम खाली, तिसऱ्या दिवशी दीडशे वर. मिलिग्राम घरून पायी येऊ लागला. जेवणातला भात अर्धा झाला. तो कमी बोलू लागला, आणि एका दुपारी काउंटरवर जाऊन तिथली खुर्ची नुसती बघून आला.

ठरलेल्या शुक्रवारी सकाळी सुरक्षा अधिकारी आमच्या कार्यशाळेत आल्या. वजन आमच्याच मोठ्या काट्यावर करायचं ठरलं होतं, कारण गावात त्याहून खात्रीचा काटा नाही. त्याचं सील मिलिग्रामनेच लावलेलं. म्हणून तो आधी म्हणाला, "माझ्या काट्यावर माझं वजन. तेव्हा आधी काटा तपासू." वीस किलोची वजनं चारही कोपऱ्यांवर ठेवून झाली, मग नव्वद किलो मधोमध. तीनदा. अर्धा तास गेला. काडी भिंतीला टेकून उभा होता आणि हातांची बोटं मोडत होता. मोडून झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मिलिग्राम बूट, हेल्मेट, कामाचे कपडे अशा थाटात काट्यावर उभा राहिला. आकडे वरखाली झाले आणि थांबले. ब्याण्णव पॉइंट तीन पाच.

मग काडी म्हणाला, "बूट काढा."

"अनवाणी चढू?"

"सकाळी किती ग्रीन टी प्यायलात?"

"दोन कप. झोप लागली नाही, लवकर उठलो, हाताला सवय आहे."

"म्हणजे तेच. चहाचंच वजन आहे ते. आत जाऊन या, मोकळे होऊन या."

सुरक्षा अधिकारी बाईंनी घसा साफ केला. गेल्या तीन महिन्यांत त्या दर पंधरा दिवसांनी फोन करून आकडा विचारत होत्या. "साडेतीनशे ग्रॅम आहेत. नऊ किलो उतरवलेत तुम्ही. मी ब्याण्णव लिहिते."

"ब्याण्णव नाही आहे."

"अहो, त्या सोडतायत ना?" मालकीणबाई म्हणाल्या.

मिलिग्राम काट्यावरून उतरला. त्याच्या कपाळावर घाम होता. "एखाद्या दुकानदाराचा काटा साडेतीनशे ग्रॅमने चुकला, आणि तो म्हणाला की जरा थांबा, आत जाऊन येतो, मग बघा. मी काय लिहीन?" मग माझ्याकडे वळला. "लिही. ब्याण्णव पॉइंट तीन पाच. नापास."

मी कोरा फॉर्म शोधला. माणसाला नापास करायचा फॉर्म आमच्याकडे नाही, काट्याला नापास करायचा आहे. अर्धवट कागद मला जमत नाही, म्हणून सगळे रकाने भरायला घेतले. उपकरणाचा प्रकार: तंत्रज्ञ. दोष: साडेतीनशे ग्रॅम जास्त. क्षमतेच्या रकान्याशी अडलो.

"नऊ कप," काडी म्हणाला.

त्याखाली छापलेलं होतं: दुरुस्तीची मुदत, दहा दिवस, त्यानंतर फेरतपासणी. गेली कित्येक वर्षं प्रत्येक नापास काट्याला आम्ही ही मुदत देतो. मी तेही भरलं आणि कागद सुरक्षा अधिकारी बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"ही मुदत सगळ्यांना मिळते?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "भेदभाव केला तर तक्रार होते."

"ठीक आहे. गिरणीची तपासणी मी दहा दिवस पुढे ढकलते. एकदाच. त्यानंतर बाहेरचा माणूस बोलावीन, आणि मग मनोऱ्याच्या यादीत तुमचं नाव राहणार नाही."

त्या दहा दिवसांत मिलिग्रामने काही वेगळं केलं नाही. पायी आला, पायी गेला. काडी त्याच्यासोबत चालायचा, कारण त्याचं स्वतःचं वजन आता त्रेसष्टवर गेलं होतं आणि त्याची बायको बिस्किटं देणाऱ्या दुकानदारांची नावं विचारू लागली होती. वहिनींनी मिलिग्रामची पँट तिसऱ्यांदा कमरेत घेतली आणि बजावलं, "आता शिवणीत कापड उरलं नाही. यापुढे बारीक व्हायचं असेल तर नवीन कापड आणा."

फेरतपासणी गिरणीच्या आवारातच ठेवली होती. आम्ही आमचा काटा गाडीत घालून नेला. पुन्हा चार कोपरे, पुन्हा नव्वद किलो, पुन्हा तीनदा. मिलिग्राम चढला. एक्क्याण्णव पॉइंट आठ. बाईंनी मोठ्याने वाचलं, मी लिहिलं. मालकीणबाई मध्येच गाडीकडे गेल्या, बहुधा डोळे पुसायला, पण परत आल्यावर म्हणाल्या की फोन आला होता.

सुरक्षा अधिकारी बाईंनी स्वतः मिलिग्रामच्या पट्ट्याला साखळी अडकवली, ओढून बघितली, पुन्हा ओढली. आठ किलोची पिशवी पाठीवर गेली. मिलिग्राम शिडी चढू लागला. आम्ही खाली उभे राहून बघत होतो. काडी जमिनीकडे बघत होता. वर बघूनही त्याला गरगरतं.

"कुठवर पोचले?" तो विचारायचा.

"चाळीस."

"आता?"

"साठ. चढतोय नीट."

शिडीला मध्ये थांबायला लोखंडी जाळीचे ओटे आहेत. दुसऱ्या ओट्याशी, शहाण्णवाव्या पायरीला, मिलिग्राम थांबला. कठडा धरून उभा राहिला. अर्धं मिनिट गेलं, मग एक, मग दोन. काडीने बघायचं धाडस केलं आणि लगेच डोळे मिटून घेतले. बाईंनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

खरखर झाली. "बरं वाटतंय."

"मग थांबलात का?"

"इथे मी दर वर्षी थांबतो. चार मिनिटं. धाप लागते म्हणून."

"लागली आहे का?"

"नाही." पुन्हा खरखर. "तिचीच वाट बघतोय."

चार मिनिटं पूर्ण झाल्यावर, ती येत नाही याची खात्री करून, त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि सत्त्याण्णवाव्या पायरीवर पाय ठेवला.